आयोवाचा कौल आणि दोन हिशेब

नोव्हेंबर 2024 मध्ये पंधरवड्याच्या अंतरानं दोन निवडणुका झाल्या. 5 तारखेला अमेरिकेच्या अध्यक्षपदाची आणि 20 तारखेला महाराष्ट्र विधानसभेची. लातूरच्या आडत बाजारात तेव्हा सोयाबीन 4,892 रुपयांच्या हमीभावाच्या खाली विकलं जात होतं आणि शिकागोच्या वायदेबाजारातही मंदी होती. हे दोन भाव एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण इथल्या सोयापेंडीला जगाच्या बाजारात अमेरिका, ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या पेंडीशी टक्कर द्यावी लागते. त्यामुळे शेतमालाच्या भावांवर लिहिणारी लातूरची एक भाची आणि एम्सच्या आयोवा स्टेट विद्यापीठात बियाण्यांचं शास्त्र शिकून तिकडेच स्थायिक झालेले, आता तिथले मतदार असलेले तिचे मामा भेटले की बोलणं सोयाबीनवरून आयोवाच्या निकालावर घसरतं. वादाचा प्रश्न एकच. ज्या राज्यानं बराक ओबामांना दोनदा निवडलं, त्यानं डोनाल्ड ट्रंप यांना तीनदा का निवडलं?

भाची : मामा, आधी आकडे मांडते, मग तुम्ही बोला. 2008 ला ओबामा आयोवात साडेनऊ टक्क्यांच्या फरकानं जिंकले, 2012 ला जवळपास सहाच्या. 2016 ला ट्रंप नऊ टक्क्यांनी पुढे, 2020 ला आठ, 2024 ला तेरा. काउंट्या एकूण 99. ओबामांनी 2008 मध्ये 53 जिंकल्या होत्या, कमला हॅरिस यांच्या वाट्याला पाच आल्या. आणि मधल्या काळात काय घडलं? ट्रंप यांनी चीनशी व्यापारयुद्ध काढलं. जुलै 2018 मध्ये चीननं अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा शुल्क लावलं, चिनी खरेदीदार ब्राझीलकडे वळले. ज्यानं गिऱ्हाईक पळवून लावलं त्यालाच लोकांनी आणखी दोनदा मत दिलं! इकडे कांद्याची निर्यात बंद झाली, तर 2024 च्या लोकसभेला नाशिक-दिंडोरीनं हिशेब चुकता केला. तुमच्या आयोवाच्या शेतकऱ्याला स्वतःचं नुकसान दिसत नाही का?

मामा : नाशिक सांगितलंस, लातूर का नाही सांगितलंस? त्याच वर्षी नोव्हेंबरात सोयाबीन हमीभावाच्या खाली होतं. तरी विदर्भ-मराठवाड्यात महायुतीच भरघोस निवडून आली.

भाची : इकडे लाडकी बहीण होती, मामा. महिन्याला दीड हजार रुपये खात्यात.

मामा : मग तिकडेही पैसे खात्यात आलेच की. कृषी खात्यानं 2018 ला 12 अब्ज आणि 2019 ला 16 अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. बाजारानं मारलं आणि सरकारनं सावरलं, दोन्ही एकाच माणसाच्या राज्यात. पण तो माझा मुद्दा नाही. मुद्दा असा की तू ज्याच्यावर रागावली आहेस तो शेतकरी हा निकाल फिरवणारा माणूस नाहीच. आयोवात शेतं किती? सुमारे 87 हजार. 2024 ला मतं पडली 16 लाख 60 हजारांवर. एका शेतामागे घरातली दोन-तीन मतं धरलीस तरी सात-आठ मतदारांत एक. आयोवा म्हटलं की पेपरवाले कणसाच्या शेतात उभ्या म्हाताऱ्याचा फोटो छापतात. बाकीचे सहा-सात जण कोण, ते कुणी विचारत नाही.

भाची : पण त्या एकाचं मत तरी कुठे हललं? तेवढं तरी सांगा.

मामा : हललं नाही, कारण ते आधीपासूनच तिथे होतं. राज्याचा वायव्य कोपरा बघ. सू काउंटी. डच रिफॉर्म्ड चर्चची वस्ती, मका, दूध, डुकरं, आणि सगळं भरभराटीत. 2012 ला मिट रॉम्नी यांना तिथे 80 टक्क्यांहून जास्त मतं पडली होती, ट्रंपनाही तेवढीच पडली. गंमत सांगतो. जानेवारी 2016 मध्ये याच काउंटीतल्या सू सेंटर गावी, डॉर्ट कॉलेजात ट्रंप म्हणाले होते की मी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर भररस्त्यात कुणाला गोळी घातली तरी माझी मतं जाणार नाहीत. काही दिवसांनी पक्षाचा उमेदवार निवडायचा कॉकस झाला, तेव्हा या देवभोळ्या काउंटीनं त्यांना पार मागे टाकलं. राज्यात टेड क्रूझ जिंकले. नोव्हेंबरात मात्र पक्षाचं मत पक्षाला गेलं. अशा माणसानं सोयाबीनच्या भावावरून ट्रंपना शिक्षा करायची म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा पक्ष सोडायचा. ते होत नसतं.

भाची : नेहमी होत नाही, असं म्हणा. 1988 चं काय? मायकल डुकाकिस देशभर सपाटून हरले, पण आयोवात दहा टक्क्यांनी जिंकले. कारण शेती. कर्जाचे व्याजदर चढले, जमिनीच्या किमती कोसळल्या, घरादारांचे लिलाव झाले, आणि त्याचा राग रेगनच्या पक्षावर निघाला. तेव्हा शेतकऱ्यानं शिक्षा केली होती.

मामा : केली होती, बरोबर आहे. पण तेव्हाचा शेतकरी आणि आजचा यांत फरक आहे. तेव्हा शेतं लाखाच्या वर होती. त्या मंदीत जे बुडाले ते शेतीतून उठले, त्यांची जमीन शेजारच्या मोठ्या शेतकऱ्यानं घेतली. उरला तो टिकलेला माणूस. त्याच्याकडे दोन-दोन हजार एकर, जीपीएसवर चालणारा ट्रॅक्टर, पीकविमा, आणि अर्ध्याहून जास्त मका इथेनॉलच्या कारखान्यात. तो सरकारकडून मागतो काय? पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायची सक्ती चालू राहू दे. ती दोन्ही पक्षांनी चालूच ठेवली आहे. मग शिक्षा कशाबद्दल?

भाची : आणि जे शेतीतून उठले ते?

मामा : आता बरोबर जागी आलीस. ते गावातल्या कारखान्यात गेले, त्यांची मुलं गेली. निकाल फिरवला तो त्यांनी. नकाशावर पूर्वेकडे बघ, मिसिसिपीच्या काठानं खाली खाली ये. डब्यूक, क्लिंटन, बर्लिंग्टन, फोर्ट मॅडिसन. आत ओटम्वा. कॅथलिक आणि युनियनची गावं, डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला. डब्यूक काउंटीनं 1956 ला आयझेनहॉवरना मत दिल्यानंतर थेट 2016 ला रिपब्लिकन निवडला. ओबामांना दोनदा आणि मग ट्रंपना, अशा 31 काउंट्या आयोवात निघाल्या. इतक्या कुठल्याच दुसऱ्या राज्यात नाहीत. महर्षी महेश योगींच्या नावाचं विद्यापीठ ज्या फेअरफील्डला आहे, ती जेफरसन काउंटीसुद्धा त्यांत आहे.

भाची : कारखाने बंद पडले म्हणून?

मामा : न्यूटनला एकदा तुला न्यायला हवं. तिथे मेटॅगची कपडे धुण्याची यंत्रं बनायची. कंपनीचं मुख्यालयही तिथेच. नवरा कारखान्यात, बायको ऑफिसात, असं अख्खं गाव. 2006 ला व्हर्लपूलनं मेटॅग विकत घेतली आणि पुढच्या वर्षी न्यूटनचा कारखाना बंद केला. मग पवनऊर्जा आली. मेटॅगच्या जुन्या इमारतीत पवनचक्क्यांचे मनोरे बनू लागले. एप्रिल 2009 मध्ये वसुंधरा दिनाला स्वतः ओबामा तिथे येऊन भाषण करून गेले. पात्यांचा दुसरा कारखानाही आला. पण पगार मेटॅगच्या बरोबरीचा नव्हता आणि 2021 च्या अखेरीस तोही बंद झाला. आता त्या गावातल्या माणसाला जाऊन सांग की अर्थव्यवस्था छान चालली आहे.

भाची : मामा, ही गोष्ट ऐकायला चांगली आहे. पण तिच्यात एक भोक आहे. मेटॅग बंद पडला 2007 ला. त्यानंतर 2008 ला आणि 2012 ला जॅस्पर काउंटीनं ओबामांनाच मत दिलं. जखम ताजी होती तेव्हा डेमोक्रॅट, आणि नऊ वर्षांनी, बेकारी चार टक्क्यांच्या आत असताना ट्रंप? कारखाना हे कारण असतं तर उलट व्हायला हवं होतं. आणि हॉवर्ड काउंटीचं काय? मिनेसोटाच्या सीमेवरची साडेनऊ हजार वस्तीची काउंटी. 2012 ला ओबामा वीसहून जास्त टक्क्यांनी आणि 2016 ला ट्रंपही वीसहून जास्त टक्क्यांनी. अख्ख्या अमेरिकेत असं करणारी ती एकटी. तिथे कुठला मेटॅग बुडाला होता?

मामा : हॉवर्ड काउंटीतलं क्रेस्को म्हणजे आमच्या धंद्यातल्या माणसाची पंढरी. नॉर्मन बोरलॉग त्याच भागातल्या एका शेतावर 1914 ला जन्मले. त्यांनी सुरू केलेला वर्ल्ड फूड प्राइझ दरवर्षी डे मॉइनला दिला जातो. 1987 चा पहिलाच स्वामिनाथनना मिळाला, आणि 1998 चा आपल्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांना. तुला सांगायचं एवढंच की हा बाहेरच्या जगाला पाठ दाखवणारा मुलूख नव्हे. यांचा मका, डुकराचं मांस, बियाणं, सगळं जगभर जातं.

भाची : माल जगभर जाऊ दे, पण जगातून माणसं इकडे नकोत. हेच तर मी म्हणते आहे. आयोवात माणसांपेक्षा डुकरं सातपट. ती कापतं कोण? स्टॉर्म लेक, डेनिसन, मार्शलटाउन, पोस्टव्हिल, सगळीकडे मेक्सिको, ग्वाटेमाला, लाओस, सुदानहून आलेली माणसं. त्यांतल्या कितीतरी जणांना मताचा हक्क नाही. मे 2008 मध्ये पोस्टव्हिलच्या मांस कारखान्यावर धाड घालून सरकारनं एका दिवसात 389 कामगार पकडले. ज्यांच्या श्रमावर गाव चालतं त्यांनाच हाकलू म्हणणाऱ्याला गाव मत देतं. याला सरळ नाव आहे, मामा. तुम्ही त्याला कारखान्याच्या दुःखाचा मुलामा देताय.

मामा : पोस्टव्हिल ज्या अ‍ॅलमकी काउंटीत आहे, तिनं त्या धाडीनंतर सहा महिन्यांनी कुणाला मत दिलं? एका काळ्या माणसाला, ज्याच्या नावात हुसेन आहे. 2012 ला पुन्हा. वंशद्वेष हे कारण धरलंस तर तुला सांगावं लागेल की तो 2008 ला कुठे दडला होता.

भाची : दडला नव्हता, पेटवला नव्हता. 2008 ला ओबामांविरुद्ध उभ्या असलेल्या मॅकेन यांनी तो विषय काढलाच नाही. 2016 ला कुणी काढला, ते तुम्हाला ठाऊक आहे. लाकूड आधी होतं, म्हणून काडी ओढणाऱ्याचा दोष जात नाही. आणि लाकडाचाही जात नाही.

मामा : हे मला अर्धं मान्य आहे. स्थलांतरितांचा विषय चालला, खूप चालला. पण काडी ओढली गेली तेव्हा विझवायला माणूस का नव्हता? 2008 चा जानेवारी आठव. 3 तारखेची रात्र, हाडं गोठवणारी थंडी. कॉकस म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी शाळेच्या जिममध्ये जमायचं आणि डेमोक्रॅटांच्या रीतीप्रमाणे सर्वांदेखत आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. नव्वद टक्क्यांहून जास्त गोऱ्या राज्यानं त्या रात्री ओबामांना पहिलं केलं आणि हिलरींना तिसऱ्या जागेवर ढकललं. त्याआधी महिनोन्‌महिने त्यांची पोरं गावागावात भाड्यानं खोल्या घेऊन राहिली होती. आता पुढचं बघ. फेब्रुवारी 2020 मध्ये डेमोक्रॅटांचं निकाल कळवायचं अ‍ॅप बिघडलं, निकालाला दिवसच्या दिवस लागले, जगभर हसं झालं. 2023 ला पक्षानं आयोवाचा पहिला नंबरच काढून घेतला आणि साउथ कॅरोलायनाला पुढे आणलं. 2000 साली अल गोर इथे 4,144 मतांनी जिंकले होते, 2004 ला बुश दहा हजारांच्या आसपास. तेव्हा दोन्ही पक्षांना एकेक गाव मोलाचं होतं. 2024 ला सगळी ताकद पेनसिल्वेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिनवर लागली. इलेक्टोरल कॉलेजची सहाच मतं, तीही जिंकेल त्याला सगळी. मग आयोवात कोण येणार? जिथे पक्षाचा माणूस दार वाजवत नाही, तिथे टीव्ही आणि फोन वाजतो. गावातल्या माणसाला डेमोक्रॅट म्हणजे आता न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियाचा कुणीतरी, जो त्याला अडाणी समजतो. पूर्वी तोच डेमोक्रॅट त्याच्या युनियनचा सेक्रेटरी होता.

भाची : म्हणजे तुमचं म्हणणं, मतदार पक्षाला सोडून गेला नाही, पक्ष मतदाराला सोडून गेला.

मामा : नेमकं तेच.

भाची : मग शेजारच्या मिनेसोटाकडे बघा. तिथे पक्षानं कुणाला सोडलं नाही. ताकदवान संघटना, स्वतःचा गव्हर्नर, तोही 2024 ला उपाध्यक्षपदाचा उमेदवार, आणि तोही खेड्यातून आलेला शाळामास्तर. हॅरिस मिनेसोटा जिंकल्या, चार टक्क्यांनी. पण कुठे जिंकल्या? मिनियापोलिस-सेंट पॉल आणि भोवतालच्या उपनगरांत. राज्याच्या सत्तावन्न लाख लोकांतले साठ टक्क्यांहून जास्त त्या एका महानगरात राहतात. दक्षिण मिनेसोटाची खेडी, आयोवाच्या सीमेला लागून असलेली, तीही ट्रंपकडेच गेली. तसंच खालच्या इलिनॉयचं. शिकागो काढून टाका, इलिनॉय लाल, म्हणजे रिपब्लिकन होतं. आयोवात महानगर नाही. डे मॉइन आणि आसपासची वस्ती धरून सात लाख, बत्तीस लाखांत. मिनेसोटातून मिनियापोलिस वजा करा, उरतं ते आयोवा. पक्षानं दार वाजवलं काय नि न वाजवलं काय, सीमेच्या दोन्ही बाजूंना खेड्यानं एकच केलं.

मामा : हे बरोबर असेल तर ओबामांच्या वेळी दोन्ही बाजूंची खेडी डेमोक्रॅट कशी होती?

भाची : कारण तेव्हा माणसं वेगळी होती. तुमच्या कथेत तीच माणसं मन बदलतात. माझ्या हिशेबात माणसंच बदलतात. दरवर्षी आयोवा सिटी आणि एम्सच्या विद्यापीठांतून पोरं पदवी घेतात आणि त्यांतली कितीतरी शिकागो, मिनियापोलिस, डेन्व्हर गाठतात. म्हणजे 2008 ला न्यूटनमध्ये ओबामांसाठी फोन फिरवणारी पोरगी आज मिनियापोलिसमध्ये मत टाकते आणि तिथे ते डेमोक्रॅटांच्या खात्यात पडतं. आणि युनियनचे ते जुने कॅथलिक, रूझवेल्ट आणि केनेडींचे फोटो भिंतीवर लावणारे, ते वारले. मागे राहिले ते वयानं मोठे, पदवी नसलेले, गोरे. हा गट देशभर एकाच दिशेला गेला आहे. आयोवात तो जास्त आहे, म्हणून आयोवा गेलं.

मामा : थोडी मखलाशी करतेस. हॉवर्ड काउंटीत चार वर्षांत चाळीस टक्क्यांचा फरक पडला, 2012 आणि 2016 च्या मध्ये. एवढी माणसं चार वर्षांत ना मरतात, ना मिनियापोलिसला जातात. तिथे त्याच हातांनी वेगळ्या नावावर खूण केली.

भाची : बरं, हॉवर्ड तुमचं. 2012 ते 2016 ची उडी माणसांनी मन बदलल्यामुळे, मानलं. पण 2016 नंतर ती उडी परत का आली नाही? 2020 ला जो बायडन उभे होते, स्क्रँटनचे, कॅथलिक, युनियनवाले. तरी 31 पैकी किती परत आल्या? एकही नाही. 2024 ला तर उरलेली स्कॉट काउंटीही गेली. डेव्हनपोर्टचं मोठं शहर तिच्यात, 1984 च्या रेगननंतर तिथे रिपब्लिकन जिंकला नव्हता. मन बदलणारा मतदार दोन्हीकडे बदलतो. एकीकडेच जाणारा मतदार मन बदलत नाही, तो सरकतो.

मामा : दोन्हीकडे बदलतो की! तू फक्त वरचं नाव वाचतेस, मतपत्रिकेवर खालीही नावं असतात. 2018 ला, व्यापारयुद्धाच्या ऐन भरात, आयोवानं चारपैकी तीन खासदार डेमोक्रॅट पाठवले. 2020 ला आग्नेय आयोवात मारिअ‍ॅनेट मिलर-मीक्स जिंकल्या त्या किती मतांनी? सहा. सहा टक्के नव्हे, सहा मतं. त्याच बाई 2024 ला, ट्रंप राज्यात तेरा टक्क्यांनी पुढे असताना, आठशेच्या आत मतांनी कशाबशा निवडून आल्या. 2022 ला गव्हर्नर किम रेनॉल्ड्स जवळपास एकोणीस टक्क्यांनी जिंकल्या आणि त्याच मतपत्रिकेवर राज्याचे लेखापरीक्षक म्हणून डेमोक्रॅट रॉब सँड तीन हजारांहून कमी मतांनी टिकले. ज्यानं रेनॉल्ड्सना मत दिलं आणि मग शाई न वाळता सँडनाही दिलं, असा माणूस अस्तित्वात आहे. तो सरकलेला नाही, तो निवडतो आहे.

भाची : मिलर-मीक्स यांच्या मतदारसंघात आयोवा सिटी आहे, मामा. जॉन्सन काउंटी, जिथे हॅरिसना दोन-तृतीयांश मतं. तिथला निकाल अटीतटीचा झाला यात खेड्याचं काय कौतुक?

मामा : आणि जानेवारी 2025? मिसिसिपीच्या काठी, क्लिंटनच्या आसपासच्या भागात राज्य सिनेटची पोटनिवडणूक झाली. ट्रंप तो मतदारसंघ दोन-अडीच महिन्यांपूर्वी वीसहून जास्त टक्क्यांनी जिंकले होते. तिथे डेमोक्रॅट माइक झिमर निवडून आले. पुढे ऑगस्टमध्ये सू सिटीचीही एक जागा डेमोक्रॅटांनी काढून घेतली.

भाची : पोटनिवडणुकीत मतदान किती होतं ते सांगा. जो रोज पेपर वाचतो तोच येतो, आणि तो आता डेमोक्रॅट आहे. ट्रंप यांचा मतदार ट्रंप यांच्यासाठी येतो, राज्य सिनेटसाठी नाही. म्हणून तर मतचाचणी घेणाऱ्या अ‍ॅन सेल्झर फसल्या. 2008 चा कॉकस त्यांनी अचूक सांगितला, 2016 आणि 2020 ला सगळे चाचणीवाले आपटले तेव्हा त्यांचेच आकडे खरे ठरले. आणि 2 नोव्हेंबर 2024 ला त्यांनी छापलं, हॅरिस 47, ट्रंप 44. तीन दिवसांनी ट्रंप तेरानं पुढे. सोळा टक्क्यांची चूक.

मामा : त्या शनिवारी संध्याकाळी डे मॉइनमध्ये लोक एकमेकांना फोन करत होते. त्या चाचणीत पासष्टीपुढच्या बायका मोठ्या संख्येनं हॅरिसकडे झुकलेल्या दिसल्या. जुलैपासून गर्भपातावर सहा आठवड्यांचा कायदा लागू झाला होता, त्यामुळे ते पटण्यासारखं वाटलं. पण यावरून एक लक्षात घे. सेल्झर बाई तुझ्यासारखं शिक्षणाचं गणित आधी लावून आकडे ओढून घेत नसत. लोक जे सांगतील ते ऐकायचं, ही त्यांची पद्धत. ती वर्षानुवर्षं चालली, म्हणजेच आयोवाचा माणूस गटात बसणारा नव्हता.

भाची : आणि 2024 ला चालली नाही, म्हणजेच आता बसतो. तुमच्याच उदाहरणानं माझा मुद्दा सिद्ध होतो.

मामा : एका चाचणीवरून राज्याचं मृत्युपत्र लिहू नकोस. आणि एक सांग, तुझ्या हिशेबात मतदाराला काही करता येतं का? वय, रंग, पदवी, पिनकोड सांगितला की मत ठरलं. मग निवडणूक घ्यायची कशाला, जनगणना पुरे.

भाची : तुमच्या हिशेबात त्याला सगळं माफ आहे, त्याचं काय? मेटॅग गेला म्हणून ट्रंप, पक्ष आला नाही म्हणून ट्रंप, कुणी अडाणी म्हटलं म्हणून ट्रंप. मत त्याचं, जबाबदारी मात्र सगळ्या जगाची. 2025 ला चीननं पुन्हा अमेरिकी सोयाबीन घेणं थांबवलं, ऐन काढणीत. वर्षअखेरीस पुन्हा 12 अब्जांची मदत जाहीर झाली. हे तर 2024 ला मत देताना समोर दिसत होतं, सहा वर्षांपूर्वी घडून गेलेलं होतं. त्याला पुरतं माणूस मानायचं असेल, तर त्यानं हे जाणून निवडलं असंही मानायला हवं.

मामा : मी मानतो. मोजून, किंमत देऊन निवडलं. त्याला जे हवं होतं ते सोयाबीनच्या भावापेक्षा मोठं वाटलं. मला ते पटत नाही, मी तसं मतही दिलं नाही. पण निवडलं हे नक्की. तूच आहेस जी एकदा म्हणतेस की तो गटाबरोबर सरकला आणि एकदा म्हणतेस की तो जबाबदार आहे. दोन्ही एकदम कसं?

भाची : ठीक आहे, पकडलंत. मग असं करू या. नोव्हेंबर 2026 ला गव्हर्नरची निवडणूक आहे. रेनॉल्ड्स उभ्या राहणार नाहीत, आणि डेमोक्रॅटांकडून तुमचे रॉब सँड उतरले आहेत. ते डेकोराचे, हॉवर्डच्या शेजारच्या विनेशिक काउंटीतले, आणि दरवर्षी नव्व्याण्णवही काउंट्यांत सभा घेणारे. तुमच्या सिद्धांताला याहून चांगला उमेदवार मिळणार नाही. दार वाजवणारा माणूस आहे, ट्रंप मतपत्रिकेवर नाहीत, सोयाबीनचा राग ताजा आहे. त्यांनी हॉवर्ड आणि जॅस्पर परत आणल्या, तर तुमचं खरं.

मामा : आणि ते पोक, जॉन्सन, लिन, स्टोरी, ब्लॅक हॉक एवढ्या पाच काउंट्यांतच फुगले, तर तुझं. मंजूर. पण ते राज्य हरले आणि हॉवर्डमध्ये वीस टक्क्यांचा फरक पाचवर आणला, तर?

भाची : तर मी टक्के बघणार नाही, मोजलेली मतं बघणार. 2022 ला रिपब्लिकनांना हॉवर्डमध्ये जेवढी मतं पडली, त्यांतली कमी झालेली सँडच्या खात्यात वाढलेली दिसली, तर माणसांनी मन बदललं. ती नुसतीच गळाली आणि सँडची होती तेवढीच राहिली, तर ट्रंपवाले घरी बसले, एवढंच.

मामा : आणि घरी बसणं हा निर्णय नाही?

भाची : आहे. पण तो तुमच्या हिशेबात डेमोक्रॅटांकडे जमा होणार नाही.